सूज डोळ्यांवर, भानगड किडनीत

प्रश्न : आम्ही सिडकोत राहतो, मुलगा ८ वर्षांचा आहे. मागे त्याच्या पायांवर पुळ्या आल्या होत्या, खाजवून खाजवून पू झाला, मग मलमाने बरं झालं. आता ३ आठवड्यांनी सकाळी उठला तर डोळे सुजलेले, लघवी कोऱ्या चहासारखी आणि ती पण कमीच. डॉक्टर म्हणतात नेफ्रायटिस. शेजारच्या काकू म्हणतात मुतखडा असेल, जवाचं पाणी भरपूर पाज, किडनी धुऊन निघते. पाजू का? आणि डायलिसिस लागेल का हो?

उत्तर : ताई, जवाचं पाणी आधी थांबवा. काकूंचा हेतू चांगलाच आहे, पण लघवी कमी होत असताना वरून पाजलेलं पाणी अंगातच साठणार, सूज वाढणार, बीपी चढणार. पाणी किती द्यायचं ते डॉक्टर रोजचं वजन आणि लघवी बघून सांगतील.

नेफ्रायटिस म्हणजे किडनीच्या गाळणीला आलेली सूज, मुतखडा नव्हे. झालंय असं की एकेका किडनीत रक्त गाळणारे बारीक रक्तवाहिन्यांचे साधारण १० लाख झुबके असतात. पुळ्यांमधल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढायला शरीराने अँटीबॉडी बनवल्या, त्या आणि जंतूंचे अंश एकमेकांना चिकटून या झुबक्यांत अडकले आणि तिथे सूज आली, म्हणजे जंतू किडनीत शिरलेलाच नाही, मग धुऊन निघणार काय? गाळणं बिघडलं की रक्त, प्रथिनं लघवीत उतरतात आणि मीठ-पाणी मागे राहतं. घसा दुखल्यावर हे १-२ आठवड्यांत दिसतं, पुळ्यांनंतर ३ ते ६, तोवर पुळ्या कोणाच्या लक्षातही नसतात. तुमच्या लक्षात आहेत, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डायलिसिस बहुतेक मुलांना लागत नाही. सूज आणि बीपी साधारण एक-दोन आठवड्यांत उतरतं, लघवीच्या तपासणीत मात्र रक्ताच्या पेशी कितीतरी महिने दिसू शकतात, त्याने घाबरू नका. सी-३ नावाची रक्ततपासणी आत्ता कमी येते, ६ ते ८ आठवड्यांत नॉर्मल व्हायला हवी. नाही झाली, किंवा क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) चढत राहिलं, तर डॉक्टर बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासणी, सांगतील, आणि बायोप्सी म्हटलं की कॅन्सरच असं काही नसतं.

पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स सध्या बंद, मिसळ तर विसराच. आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी मनाने देऊ नका. डोकं खूप दुखलं, उलट्या, झटके, धाप लागली किंवा दिवसभर लघवीच झाली नाही तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा. घरात अजून कोणाला पुळ्या असतील तर त्यांनाही दाखवून घ्या.