पाण्याचा सामू ठीक, तरी मासे का मरतात?

तुम्ही विचारलंय की कारखान्याच्या नाल्याखाली गिरणा नदीत पहाटे मासे उलटे पडतात, पण दुपारी तपासायला दिलेल्या पाण्याचा सामू (pH; ७ च्या जितका खाली तितकं पाणी आम्लधर्मी) ७.८ येतो, मग आम्लाचा संशय खरा कसा ठरवायचा?

७.८ खरा असेल आणि आम्लही खरं असेल. खान्देशातल्या नद्या काळ्या बेसाल्टवरून वाहतात, पाणी जड असतं, त्यात बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, भरपूर. रात्री सोडलेलं आम्ल वाहता वाहता त्यात मरतं. पाणी पुढे निघून गेलं, पण दगडाखालचा जीव तिथंच होता. म्हणून बाटलीपेक्षा त्याच्यावर माझा भरवसा जास्त.

नाल्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे सारखाच उथळ, खळाळता, दगडगोट्यांचा पट्टा निवडा. मच्छरदाणीचं कापड प्रवाहात आडवं धरून त्याच्या पुढचा, पाणी येतं त्या बाजूचा, तळ पायानं तीन मिनिटं ढवळा आणि आलेलं सगळं पांढऱ्या ताटात ओता. पांझरा नदीत मी असंच केलं, तेव्हा ताटात तांदळाएवढा किडा आला. शेपटीला तीन धागे, पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, सारखे फडफडणारे. ही मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची अळी. सामू ५.५ च्या खाली गेला की तिच्या बहुतेक जाती आणि गोगलगायी टिकत नाहीत. गोगलगायीचा शंख चुन्याचा, तो आम्लात झिजून खडूसारखा पांढरा पडतो.

सांडपाण्यानंही मेफ्लाय जाते, हे विसरू नका. पण तिथं लाल अळ्या वाढतात आणि हवेत श्वास घेणाऱ्या गोगलगायी तग धरतात. कीटकनाशकानं किडे जातात, गोगलगायी बहुधा राहतात. खाली दोन्ही एकदम गायब आणि वर दोन्ही भरपूर, तर आम्लाचा संशय बळावतो.

भोई मंडळींना विचारा, जाळ्यात बोटभर पिल्लं येतात का. अंडी आणि पिल्लं आधी जातात, मोठे मासे काही काळ सोसतात. आम्लामुळे मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून कल्ल्यांवर बसतं, म्हणून मेलेल्या माशाचे कल्ले उघडून चिकट थर आहे का बघा. हातमोजे घालूनच!

पूर ओसरल्यापासून नदी आटेपर्यंत दर महिन्याला हे करा, मात्र धरणाचं आवर्तन सुटलेल्या आठवड्यात नको, जोराच्या पाण्यानं किडे वाहून जातात. मासे दिसतील त्याच पहाटे सामूचा कागद बुडवून तारीख-वेळेसह फोटो घ्या. दोन्ही ताटांचे फोटो मला पाठवा, किडे ओळखायला मी मदत करतो.