तीन वर्षांचा घोडा चावतो, मागचा पाय उचलू देत नाही. 'एकदा चांगला झोडपा, सुधारेल' असं सगळे म्हणतात. मारावं का?

नाही. पण नुसतं गोंजारूनही भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडे आजोबांपासून घोडी आहेत आणि तुम्ही सांगताय तो प्रकार मी स्वतः बिघडवून पाहिला आहे.

मी एकोणीस वर्षांचा असताना आमच्याकडे साडेतीन वर्षांची एक घोडी होती. लगाम तोंडाशी नेला की मान आकाशात. मला वाटलं, माज आलाय. मी वादीने दोन-चार दिल्या, लगाम हिसडून पाहिला. आठवडाभरात तिची तऱ्हा अशी झाली की मी मोहरकी (तोंडावर चढवायची दोरी) घेऊन दारात दिसलो तरी ती कोपऱ्यात पाठ करून उभी राहायची. शेवटी डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. दुधाच्या दाढेचं टवकं नव्या दाढेवर अर्धवट अडकून हिरडीत रुतलं होतं. ते दोन मिनिटांत निघालं. माझी भीती तिच्या मनातून निघायला मात्र पावसाळा गेला.

घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडी-जोडीने बदलतात, दाढाही याच काळात बदलतात. म्हणजे आपण लगाम शिकवायला घेतो नेमक्या त्याच वयात तोंड ठणकत असतं. तुमचा तीन वर्षांचा आहे. आधी दात, पाठ, तंगाखालची (खोगिराच्या पोटपट्ट्याखालची) कातडी आणि खूर डॉक्टरांना दाखवून घ्या. चंदी, म्हणजे दाणा, किती देता तेही बघा. दिवसभर दावणीला बांधलेल्या घोड्याला हरभरा-ओट भरपूर आणि फिरवणं शून्य, असं असेल तर ती ताकद कुठेतरी निघणारच.

आता चावण्याचं. गूळ-चणे हातावर चारता का? बंद करा, टोपलीत टाका. चावायला आला तर त्याच क्षणी कोपर आडवं धरा, मोठ्याने एकदा 'हॅक्' करा, दोन पावलं मागे रेटा आणि विषय संपवा. त्याच क्षणी म्हणजे खरंच त्याच क्षणी. चाबूक शोधून आणून मारलंत तर त्याला एवढंच कळतं की हा माणूस अधूनमधून उगाच मारतो. तोंडावर तर कधीच मारू नका, तोंडाला हात लावू न देणारा घोडा तयार होतो.

मागच्या पायाचं काम हळू आहे. घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब कधी सुटला त्यावरून शिकतो. त्याने पाय झाडला आणि तुम्ही हात काढलात, तर झाडलं की सुटका होते हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून सुरुवात हाताने करू नका. काठीच्या टोकाला कापड भरलेला हातमोजा बांधा, खांद्यापासून पाठीवरून पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, आणि तिथून पायावर आणा. तो झाडेल. मोजा तिथेच राहू द्या. पाय क्षणभर स्थिर झाला की लगेच काढा आणि मान खाजवा. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. मोजा सोसला की हात, मग खूर बोटभर उचलून लगेच खाली. नालबंद येण्याच्या आदल्या दिवशी हे सुरू करू नका.

या वेळी तुम्ही खांद्याला खेटून, शेपटीकडे तोंड करून उभे राहा. एक तर अगदी जवळ, नाहीतर पार लांब. लाथेचा खरा जोर मधल्या अंतरावर असतो. त्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, पण थेट शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून मागून जाताना बोलत जा. मदतनीस तोंडाशी, तुमच्याच बाजूला हवा, म्हणजे घोडा फिरला तर पुठ्ठा तुमच्यापासून लांब जातो. दोरी हाताला गुंडाळायची नाही. बांधताना सुरगाठ, निरगाठ नाही. पायात बूट, चप्पल नको.

चाबूक बाळगू नका असं नाही. लांब झालेला हात म्हणून दिशा दाखवायला तो वापरावा. मला राग येतो तो काटेरी लगामाचा. लग्नात नाचणारा घोडा 'तयार' करायला काही जण अजून वापरतात, आणि वर त्याच्या तोंडातल्या फेसाचं कौतुक करतात. ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत, त्यात काटे किंवा गाठी असलेला लगाम, टोकदार काठी सरळ बंद आहे. कुणी तुम्हाला तो सुचवला तर त्या माणसाच्या हातात घोडा देऊ नका.

शांत घोडा बघायचा असेल तर पावसाळ्यानंतर कोकणाकडे उतरणारे मेंढपाळ धनगर बघा. तट्टावर बिऱ्हाड, भांडी, कोंबड्या, कधी वर एखादं लेकरू. बायका दोन्ही बाजूंनी दोऱ्या आवळत असतात आणि ते तट्टू कान हलवत उभं असतं. लहानपणापासून रोज तेच हात, तोच आवाज, तेच काम. आपण महिन्यातून दोनदा रविवारी जातो आणि त्याने सगळं लक्षात ठेवावं अशी अपेक्षा करतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: तो खच्ची केलेला आहे का? नसेल आणि पैदाशीचा विचार नसेल, तर डॉक्टरांशी बोला. तीन वर्षांच्या नराचं चावणं बरंचसं तिथूनच येतं. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे तो तसाच वागेल, लगेच हिरमुसू नका. आणि कान मागे टाकून, पुढचे पाय उचलून तो अंगावर यायला लागला असेल, तर वरचं काहीही एकट्याने करून बघू नका. रोज घोडी हाताळणारा अनुभवी माणूस आणा, आणि तोवर घरातल्या मुलांना तबेल्यात जाऊ देऊ नका.