गारठ्यात संत्र्याच्या बागेत टायर जाळावे का?

नागपूर जिल्ह्यात काटोलकडे थंडीची लाट आली की बागेत टायर पेटवतात, त्याने झाडं वाचतात का, असा प्रश्न आहे. धुराने तर नाहीच. धुराचे कण मायक्रॉनहून (मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक. जमिनीतून निघणारी उष्णता त्यांच्यातून बहुतेक आरपार जाते. वर सकाळी तोच धूर ऊन अडवतो, काजळी पानांवर बसते, राखेतलं जस्त मातीत उतरतं.

त्यापेक्षा धुऱ्यापर्यंतचं, म्हणजे बांधापर्यंतचं, गवत काढा आणि संध्याकाळी विहिरीचं कोमट पाणी द्या. ओली, उघडी जमीन रात्रभर ऊब सोडते. हेही फुकट नाही म्हणा: २० मिमी ओलीत (पाण्याचा तेवढा थर) म्हणजे एकरी ८०,००० लिटर उपसा. खोडाशी पाणी तुंबू देऊ नका, नाहीतर काळ्या मातीत डिंक्या (खोडातून डिंक गळणारा रोग) ठरलेला.