पाच तारखेचा हप्ता, दहा तारखेचा पगार

"मी कोणाचो एक पैसो बुडवूक नाय. मगे बँक माका दंड कित्याक लावता?"

खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच वयनींनी हे विचारलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून पासबुक काढून माझ्यासमोर ठेवलं. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. गणपती तोंडावर आलेले आणि खात्यात दोनशेही नाहीत. वयनी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात कामाला, वय शेहेचाळीस. नवरा नाही. झील, म्हणजे मुलगा, ट्रॉलरवर खलाशी. (ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलला आहे.)

ही तक्रार घेऊन पावसाळ्यात माझ्याकडे बरीच माणसं येतात, आणि त्याला कारण आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. आंबा संपलेला असतो. त्याच दोन महिन्यांत शाळेची वह्या-पुस्तकं येतात आणि छपराची कौलंही चाळावी लागतात. वर्षभर कसंबसं तरतं ते खातं जूनमध्ये बुडतं, आणि नेमकं तेव्हाच बँक कापायला लागते. "गरिबान बँकेत खाता ठेवूचाच नाय काय?" हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. वयनींनीही ठरवलं होतं, पगार आला की सगळा काढायचा आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचा.

मी त्यांना एकच विनंती केली. डब्याचं नंतर बघू, आधी पासबुक ओळीओळीने वाचू.

वाचायला तासभर लागला. शाई फिकट, शब्द तोडलेले. 'एसीएच रिटर्न चार्ज', म्हणजे खात्यातून कापायचा हप्ता परत गेल्याचा आकार, ही ओळ सहा वेळा होती, दर वेळी २९५ रुपये. 'मिन बॅल चार्ज', म्हणजे किमान शिल्लक नसल्याचा आकार, दोनदा, दर वेळी ११८ रुपये. कार्डाचे वर्षाचे २३६. एसएमएसचे १७ रुपये ७० पैसे. आणि मेच्या शेवटी ४३६ रुपये, ज्यांच्यापुढे नुसती काही अक्षरं होती. वयनींच्या लेखी हे सगळं एकच होतं, दंड. त्यांना वाटत होतं, आपण काहीतरी लबाडी केली असं बँकेला वाटतंय. त्या लाजेपायी तीन महिने त्या शाखेत विचारायला गेल्या नाहीत. कारखान्यात शेजारी बसून काजी सोलणाऱ्या बाईलाही बोलल्या नाहीत. पैशाइतकंच हे गप्प राहणं त्यांना महाग पडलं, असं मला आजही वाटतं.

सहा रिटर्नचं मूळ सापडलं ते असं. दोन वर्षांपूर्वी घराच्या दुरुस्तीसाठी त्यांनी एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं होतं. हप्ता १,८५० रुपये, तारीख पाच. कारखान्याचा पगार जमा होतो दहा तारखेला, साधारण ६,८०० रुपये. एरवी झील चार तारखेपर्यंत दोन हजार खात्यात टाकायचा, त्यामुळे ही पाच दिवसांची फट कुणाला दिसलीच नाही. जूनमध्ये बंदी लागली, झिलाचे पैसे थांबले आणि पाच तारखेला हप्ता परत गेला. कंपनीने आठ तारखेला तोच हप्ता पुन्हा लावला. पुन्हा परत. दर वेळी बँकेचे २५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५. वर कंपनीनेही महिन्याला ४५० बाउन्स चार्ज लावला. हप्ता मात्र वयनींनी दर महिन्याला बारा-तेरा तारखेला वसुलीवाल्याच्या हातात रोख दिला होता. म्हणजे त्यांचं म्हणणं खरंच होतं, एक पैसा बुडवलेला नव्हता.

मी बेरीज केली. बँकेचे २,२५९ रुपये ७० पैसे, कंपनीचे १,३५०. तीन महिन्यांत मिळून ३,६०० च्या वर, अर्ध्या पगाराहून जास्त. जुलैत लाडकी बहीणचे दीड हजार आले आणि त्याच दिवशी त्यातले ५९० मागच्या चार्जपोटी गेले. ते दीड हजार वयनींनी नातीच्या रेनकोटसाठी धरून ठेवले होते.

इथे मला त्यांना खोटा धीर द्यायचा नव्हता. हप्ता परत गेल्यावर बँक चार्ज लावू शकते, तो तिच्या दरपत्रकात असतो. ते पैसे हक्काने मागता येत नाहीत, विनंती करता येते. किमान शिल्लकीचं मात्र तसं नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये परिपत्रक काढलं आणि ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. बचत खात्यात शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, शिल्लक भरायला महिन्याची मुदत द्यायची, आणि जेवढी रक्कम कमी पडली त्याच्या प्रमाणातच आकार लावायचा. सगळ्यात महत्त्वाचं, केवळ या आकारामुळे खातं उणे जाता कामा नये. वयनींच्या खात्यात जूनअखेर ३७ रुपये होते. ११८ कापल्यावर उणे ८१ झाले. जुलैअखेर ५२ होते, ते उणे ६६. पासबुकावर छापलेलं होतं, आणखी पुरावा शोधायची गरजच नव्हती.

कळवल्याचं विचारलं तर कळलं, खात्याला जोडलेला नंबर झिलाच्या जुन्या सिमचा होता. दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेला. सूचना त्या नंबरवर जात होत्या आणि एसएमएसचे पैसे वयनी भरत होत्या.

आम्ही अर्ज लिहिला तो एका पानाचा. तारखा, रकमा, उणे गेलेल्या दोन ओळी आणि मागणी. "माझी परिस्थिती गरिबीची आहे" या वाक्याने सुरुवात करू का, असं वयनींनी विचारलं. मी म्हटलं, ते शेवटी लिहू, आधी नियम लिहू. दोन प्रती काढायच्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची, हे मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. पोच नसेल तर पुढे दारच उघडत नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते.

शाखेत मी सोबत गेले. वयनींना एकटं जायला सांगितलं असतं तर त्या बाहेरूनच परत फिरल्या असत्या. गावात बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या बँक मित्राकडे त्यांचा अंगठा लागत नाही. काजीच्या तेलाने बोटांची कातडी गेलेली, यंत्र रेघा ओळखत नाही. म्हणून साध्या पैसे काढण्यासाठीही त्यांना एसटीने तालुक्याला यावं लागतं, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून. अशी बाई चार्जबद्दल विचारायला खास फेरी मारत नाही, यात नवल काय?

"मॅडम, सिस्टीम कापते, आमच्या हातात नसतं," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. तो उद्धट नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. मी पासबुकावरच्या उणे ८१ वर बोट ठेवलं आणि अर्ज मॅनेजरांकडे नेला. त्यांनी वाचला, दोनदा वाचला, आणि शिक्का मारून दिला. एकविसाव्या दिवशी किमान शिल्लकीचे दोन्ही चार्ज, २३६ रुपये, जमा झाले. सहा रिटर्नपैकी दोनचे ५९० सौजन्य म्हणून परत मिळाले. बाकी चार गेले ते गेले.

पहिल्या अर्जाच्याच दिवशी दुसराही अर्ज दिला होता, खातं साध्या बचत ठेव खात्यात बदलून देण्याचा. लोक त्याला झिरो बॅलन्स म्हणतात. त्यात किमान शिल्लक नाही, कार्डाला वर्षाचे पैसे नाहीत, पैसे भरायला बंधन नाही, आणि महिन्यात निदान चार वेळा फुकट पैसे काढता येतात. "ते नवीन खात्यालाच मिळतं," असं आम्हाला आधी सांगितलं गेलं. तसं नाही. ग्राहकाने लेखी संमती दिली की आधीपासून असलेलं बचत खातंही बदलता येतं. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, आणि महिन्याला चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढणाऱ्याने आधी आपल्या बँकेचे नियम बघावेत. वयनी महिन्यातून दोनदाच काढतात. मोबाइल नंबरही तिथेच बदलून घेतला.

खरा फरक पडला तो हप्त्याच्या तारखेने. फायनान्स कंपनीला पत्र दिलं की पगार दहाला होतो, हप्ता बारा तारखेला घ्या. रोख भरल्याच्या पावत्या जोडल्या. त्यांनी नवीन मँडेटवर, म्हणजे खात्यातून हप्ता कापायच्या संमतीपत्रावर, सही घेतली आणि एका महिन्याचे ४५० माफ केले. कर्ज घेताना ही तारीख बदलून मागता आली असती, पण फॉर्मवर पाच आधीच छापलेली होती आणि कुणी विचारलंच नव्हतं. तुमचाही हप्ता पगाराच्या आधी येत असेल तर आजच कंपनीला विचारा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी घरांत एवढ्यानेच कापाकापी थांबली आहे.

राहिली ती ४३६ रुपयांची ओळ. वयनींना ती सगळ्यात जास्त खुपत होती, कारण हे कशाचे ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. शाखेने फॉर्म काढून दाखवला, सही त्यांचीच होती. तो जीवनज्योती विमा होता. पन्नाशीच्या आत नाव घातलेल्या माणसाला कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर वारसाला दोन लाख. हप्ता दर वर्षी मेच्या शेवटी आपोआप कापला जातो. नको असेल तर लेखी कळवून बंद करता येतो, असं मी सांगितलं. शेजारी दुसराही फॉर्म होता, अपघाताच्या सुरक्षा विम्याचा, वर्षाला वीस रुपये.

वयनी बराच वेळ त्या वीसच्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "ह्यो दर्यार जाणाऱ्याक चलता?"

चालतो, मी म्हटलं, अठरा ते सत्तर वयाच्या कुणालाही, फक्त त्याचं बँकेत खातं हवं.

"मगे माझा ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या, "झिलाचा आधी भरा."

झिलाला स्वतः यावं लागेल, असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. वयनींनी फॉर्म घडी करून पासबुकात ठेवला. पुढच्या सोमवारी ट्रॉलर सुटायच्या आधी त्या त्याला घेऊन आल्या.