वेलाची पाने फिकट का पडतात? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : कुंपणाच्या भिंतीलगत लावलेल्या चार वर्षांच्या जाईची शेंड्याकडील पाने पिवळी पडून आता जवळजवळ पांढरी दिसू लागली आहेत. युरिया व डीएपी दोन्ही देऊन पाहिले, पण उपयोग झाला नाही. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रात खालची जुनी पाने गर्द हिरवी आहेत आणि शेंड्याच्या पानांचे पाते फिकट असले तरी शिरांची जाळी हिरवीच राहिली आहे. ही लोहाच्या कमतरतेची खूण होय. लोह एकदा पानात बसले की तेथून सहसा हलत नाही, त्यामुळे तुटवड्याची झळ कोवळ्या पानांना आधी लागते. उलट नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम वेल जुन्या पानांतून काढून नव्या फुटीला पुरवतो, म्हणून त्यांची कमतरता खालून वर चढते. पिवळे कोणते पान पडले हे पाहिल्याखेरीज खताची पिशवी उघडू नये, असा माझा आग्रह यासाठीच असतो.

सांगलीच्या काळ्या जमिनीत लोह नसते असे नाही. चुनखडीमुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचा अंक) आठच्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. त्यात भिंतीच्या पायथ्याशी बांधकामाचा राडारोडा गाडलेला असण्याचा संभव असतो. तेथील चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकावे. माती फसफसली तर चुना आहे असे समजावे. डीएपी खतातील स्फुरदामुळे (फॉस्फरसमुळे) लोह आणखी अडकते, तेव्हा ते तूर्त बंद करावे.

उपचारासाठी एक लिटर पाण्यात आधी एक कागदी लिंबू पिळून गाळून घ्यावे व मग 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवावे. हिराकस फिकट हिरव्या खड्यांचे असावे. पिवळसर तांबूस झालेली भुकटी जुनी व निकामी असते. द्रावण त्याच दिवशी वापरावे, ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावे आणि फरशीवर पडू देऊ नये, कारण गंजाचे डाग निघत नाहीत. दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन-चार फवारण्या केल्यास नवी फूट हिरवी येते. पूर्ण पांढरी पडून कडा करपलेली पाने मात्र सुधारत नाहीत. मातीतून लोह द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेले लोह) घ्यावे. बाजारात सहज मिळणारे ईडीटीए प्रकारचे चुनखडीच्या जमिनीत फार काळ टिकत नाही, ही बाब दुकानात क्वचितच सांगितली जाते.

प्रश्न : गच्चीवरील पिंपात मधुमालती आहे. खालची पाने सरसकट पिवळी होऊन गळतात. एप्सम मीठ द्यावे का? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर : देऊ नये. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी असते तेव्हा जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. आपले पान शिरांसकट पिवळे आहे, म्हणजे नत्र संपले आहे. पिंपातील अन्न रोजच्या पाण्याबरोबर वाहून जाते. वरची दोन-तीन इंच माती काढून तेथे गांडूळखत भरावे आणि वाढीच्या दिवसांत पंधरवड्याने भिजवलेल्या शेंगदाणा पेंडेचे पातळ पाणी द्यावे. थंडीत मात्र ही पानगळ स्वाभाविक असते.

प्रश्न : मार्चपासून जुईच्या पानांवर बारीक फिकट ठिपके पडून ती धुळकट दिसतात. (मिरज)

उत्तर : पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटकावी. कागदावरील ठिपके चालू लागले तर ती लाल कोळी ही रस शोषणारी कीड आहे आणि खताने ती जाणार नाही. पानांच्या मागच्या बाजूवर दोन-तीन दिवसांआड पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तेवढ्याने न भागल्यास लिटरला 5 मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून सायंकाळी फवारावे. त्यानंतरचे किमान दोन आठवडे गंधक फवारू नये, पाने करपतात.

प्रश्न : पावसाळ्यात कृष्णकमळाचा संपूर्ण वेल फिकट झाला असून माती ओली असतानाही तो मलूल दिसतो. (सांगलीवाडी)

उत्तर : मुळाजवळची माती वीतभर उकरून हुंगावी. कुबट वास येत असेल आणि मुळे तपकिरी व लिबलिबीत लागत असतील तर पाणी साचून ती गुदमरली आहेत. अशा मुळांना खत देणे म्हणजे इजा वाढवणे होय. आधी चर काढून पाणी वाहते करावे, कुजलेली मुळे छाटावीत आणि नवी फूट दिसेपर्यंत काहीही घालू नये. वेल तग धरेल असे वाटत नसेल तर निरोगी फांदीचे तुकडे आजच उंच वाफ्यात लावून ठेवावेत.