गिअरची की बिनगिअरची? वाचकांचे प्रश्न

रोज कामावर जायला स्कूटर बरी की मोटरसायकल, या विषयावरची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पुढच्या पत्रलेखकांना एक विनंती. गाड्यांची नावं नंतर लिहा, आधी रस्ता कळवा. किती किलोमीटर, वाटेत सिग्नल किती, मागे कोण बसतं आणि पायाशी काय ठेवायचं असतं, हे माहीत नसताना दिलेला सल्ला म्हणजे अंदाजपंचे.

धायरीहून हिंजवडीला रोज जावं लागणार आहे, एका बाजूने साधारण २० किलोमीटर. माझी उंची ५ फूट ३ इंच. घरचे म्हणतात ॲक्टिव्हा घे. मित्र म्हणतात स्प्लेंडर नाहीतर एखादी १२५ सीसीची मोटरसायकल घे, ॲव्हरेज जास्त मिळेल. काय करू?
– एक वाचक, धायरी, पुणे

१२५ सीसीची मोटरसायकल घ्या. मात्र मित्र सांगतात त्या कारणासाठी नको.

नवले पुलापासून वाकडपर्यंत तुमचा बहुतेक प्रवास मुंबई-बंगळूर महामार्गावरून, नाहीतर त्याच्या सेवा रस्त्यावरून होणार. शेजारून कंटेनर जाणार, आणि त्याच्या वाऱ्याचा धक्का हलक्या गाडीला बसणारच. ॲक्टिव्हाचं पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १० इंची असतं. स्प्लेंडरची दोन्ही चाकं १८ इंची. ज्या खड्ड्यावरून मोठं चाक नुसतं हिंदकळून पुढे जातं, त्यातच लहान चाक उतरतं. शिवाय स्कूटरचं इंजिन मागच्या चाकालाच जोडलेलं असतं आणि चाकाबरोबर वरखाली होतं. एवढं वजन दर खड्ड्याला उचललं जातं आणि आपटतं, म्हणून मागचा दणका थेट कमरेत जातो. रोज ४० किलोमीटरला हा फरक जाणवतो. १०० सीसीही चालेल, पण महामार्गावर ट्रकच्या पुढे निघताना हाताशी थोडी ताकद शिल्लक असलेली बरी.

आता ॲव्हरेजचा हिशेब मांडू. स्कूटर ४५ देते आणि मोटरसायकल ६० देते असं धरलं, तर २४ हजार किलोमीटरला स्कूटर ५३३ लिटर पिते आणि मोटरसायकल ४००. १३३ लिटरचा फरक, १०५ रुपये दराने १४ हजार रुपये. महिन्याला २५ दिवस, रोज ४० किलोमीटर, म्हणजे दोन वर्षांचा पल्ला. महिन्याला सहाशे रुपयांच्या आत. वाईट नाही, पण यासाठी चुकीच्या जातीची गाडी घेण्याइतके हे पैसे मोठे नाहीत.

उंचीची काळजी उगाच करताय. ॲक्टिव्हाच्या सीटची उंची ७६५ मिलिमीटरच्या आसपास, स्प्लेंडरची ७८५. फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा, आणि स्कूटरची सीट रुंद असल्याने पाय फाकतात, त्यात तोही बराचसा जातो. १२५ सीसीच्या काही गाड्या मात्र याहून उंच असतात. तेव्हा शोरूममध्ये गाडीवर बसा, दोन्ही चवडे टेकतात का बघा, आणि बसल्या बसल्या गाडी पायांनी मागे ढकलून बघा. पार्किंगमध्ये रोज तेच करायचं असतं.

हीच नोकरी डेक्कनला असती तर आमचं उत्तर उलटं असतं. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी हाफ क्लचवर सरकत राहणं ही मनगटाला शिक्षाच आहे, आणि ती १५ मिनिटांवर गेली की मोटरसायकलच्या मोठ्या चाकांचं कौतुक सरतं.

मोटरसायकल घेऊन दोन महिने झाले. रोजच्या ट्रॅफिकमुळे डाव्या हाताचा अंगठा आणि मनगट दुखतं. गाडी विकून स्कूटर घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

विकण्याआधी क्लचची केबल बघा. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असावी लागते. ती नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही, घासतो आणि लवकर जळतो. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर घट्ट पडतो आणि न्यूट्रल सापडत नाही. लिव्हर दाबताना करकर किंवा अडखळ जाणवत असेल तर केबल कोरडी पडली आहे. वरचं टोक सोडवून पातळ तेलाचे थेंब खाली उतरेपर्यंत सोडा, तरीही जड लागली तर केबल बदला. स्वस्त भाग आहे.

दुसरं तुमच्या सवयीचं. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहू नका, न्यूट्रल करा. लिव्हरचा कोनही तपासा. सीटवर बसून हात सरळ पुढे केला की बोटं मनगट न वाकवता लिव्हरवर पडली पाहिजेत. बहुतेक गाड्यांत क्लॅम्पचे बोल्ट सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवता येतो. दुखणं बरेचदा इथेच थांबतं. थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि मग खुशाल स्कूटर घ्या.

माझी ११० सीसीची स्कूटर २३ हजार किलोमीटर चालली आहे. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही. सकाळी निघताना थरथरते. गॅरेजवाले म्हणतात इंजिनचं काम निघालं, मोठा खर्च आहे. खरं असेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

इंजिन उघडू देऊ नका, आधी डाव्या बाजूचं कव्हर उघडायला सांगा. इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी वाढत नाही, याचा अर्थ ताकद तयार होते आहे पण चाकापर्यंत पोचत नाही. दोष मधल्या वाटेत आहे.

ही वाट अशी. इंजिनच्या टोकाला दोन चकत्यांची एक पुली असते, तिच्यामागे सहा रोलर. वेग वाढला की रोलर बाहेर फेकले जातात, चकत्या जवळ येतात आणि मधला पट्टा वर चढतो. मागच्या पुलीत त्याच वेळी उलटं घडतं. मोटरसायकलवर पाय जे काम करतो ते इथे हे रोलर करतात. मागच्या पुलीला क्लच असतो. त्याचे शू वेगाने बाहेर उघडतात आणि वाटीसारख्या बेलला आतून धरतात, तेव्हा चाक फिरतं.

पट्टा झिजतो म्हणजे अरुंद होतो. अरुंद पट्टा पुढच्या पुलीत खोल बसतो आणि भार आला की घसरतो. होंडाच्या ११० सीसी स्कूटरला पट्टा २४ हजार किलोमीटरला बदलायचा असतो, म्हणजे तुमची वेळ झालीच आहे. रोलर गोल राहिले नाहीत, एका बाजूने चपटे झाले, की गाडी मध्येच अडकल्यासारखी वाढते. सकाळची थरथर मात्र बहुतेक वेळा क्लचची असते: शूवर काचेसारखी चकाकी येते किंवा बेलला दव धरतं, मग पकड एकदम न बसता टकटकत बसते.

पण कव्हर उघडण्याआधी एक मिनिट द्या. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि बंद इंजिनवर मागचं चाक हाताने फिरवा. ते घासत, अडत फिरलं तर ब्रेक चिकटला आहे. तेवढ्यानेही गाडी ओढत नाही आणि पेट्रोल जास्त पिते.

चाक मोकळं असेल तर कव्हर काढा, बोल्ट ८ मिलिमीटरचे असतात. पट्टा उलटा वाकवून दातांच्या मुळाशी भेगा बघा आणि रुंदी व्हर्नियरने मोजायला लावा. पुली हाताला तेलकट लागली तर ते तेल सीलमधून आलं आहे. आधी सील बदला, नाहीतर नवा पट्टाही घसरेल. रोलर बदलताना सहाच्या सहा बदला. काही जण पुलीच्या आतल्या तोंडाला ग्रीस फासतात, ते कधीही करू देऊ नका, पट्टा कोरड्या धातूवरच धरतो. शूची चकाकी पॉलिश पेपरने काढता येते, पण जाडी संपली असेल तर तो चार दिवसांचा खेळ. याच कामात मागचं गिअर ऑइलही बदलून घ्या. ते शंभर-सव्वाशे मिलीलिटर एवढंच लागतं, म्हणूनच सगळे विसरतात.

एवढं होऊनही ओढ आली नाही तर मग इंजिनचं बोलू.

पावसात साचलेल्या पाण्यातून कोणती गाडी बरी?
– एक वाचक, कुर्ला, मुंबई

मोटरसायकल, पण फार नाही. स्कूटरचा पट्टा ज्या कव्हरमध्ये आहे त्याला थंड हवा लागते, म्हणून ते पूर्ण बंद नसतं. पाणी आत गेलं की पट्टा घसरतो आणि भर पाण्यात गाडी नुसती ओरडते. वाळली की बहुधा चालते, तरी कव्हर उघडून पुसून घ्या. मोटरसायकलच्या चेनला भिजण्याचं काही वाटत नाही, नंतर गंज चढतो एवढंच. पाऊस संपेपर्यंत दर आठवड्याला चेनला तेल द्या.

पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलं असेल किंवा गाडी पाण्यात बंद पडली असेल, तर दोन्ही गाड्यांना नियम एकच: सेल्फ मारू नका, किकही नको. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढा, प्लग आणि एअर फिल्टर काढून बघायला सांगा. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक धरत नाहीत. हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहा, म्हणजे कोरडे होतील.

ठाण्याहून फोर्टला जातो. २०० सीसीची गाडी घेतली तर फ्रीवेवरून वेळ वाचेल, असा विचार आहे.
– एक वाचक, ठाणे

वाचणार नाही. ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीला बंदी आहे, मग ती १०० सीसी असो की ५००. जे. जे. उड्डाणपूल, वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू यांचंही तेच. तुमच्या वाट्याला खालचाच रस्ता आहे, आणि त्यावर २०० सीसी म्हणजे जड क्लच आणि पायाला गरम इंजिन.

नवी गाडी मी आणि पत्नी दोघंही वापरणार. तिचं लायसन्स विनागिअरचं आहे आणि तिने आजवर फक्त स्कूटर चालवली आहे. मला मोटरसायकल हवी होती.
– एक वाचक, नागपूर

मग स्कूटर घ्या, वाद संपवा. विनागिअरच्या लायसन्सवर मोटरसायकल चालवता येत नाही. तुमचं गिअरच्या मोटरसायकलचं असेल तर तुम्हाला स्कूटर चालते. त्यांना गिअरचा वर्ग जोडून घ्यायचा असेल तर त्या वर्गाचं शिकाऊ लायसन्स काढून ३० दिवसांनी चाचणी द्यावी लागेल.

पण कागदापेक्षा हाताची सवय महत्त्वाची. स्कूटरवर डावा लिव्हर म्हणजे ब्रेक. १ एप्रिल २०१९ नंतरच्या कॉम्बी ब्रेकच्या स्कूटरवर तोच लिव्हर पुढचा ब्रेकही थोडा लावतो. मोटरसायकलवर त्याच जागी क्लच असतो. समोर अचानक कुणी आलं तर वर्षानुवर्षांच्या सवयीने डावा हात आवळला जाईल, आणि मोटरसायकल थांबण्याऐवजी मोकळी सुटून पुढे घरंगळेल. तुमचंही उलट होणार आहे, पहिले काही दिवस उजवा पाय नसलेला ब्रेक शोधत फूटबोर्ड दाबत राहील. दोघांनीही रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात, ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने येऊन दोन्ही ब्रेक एकत्र लावून थांबण्याची वीस-पंचवीस वेळा सवय करा. एकाने डबलसीट बसूनही करा, कारण मागे माणूस असला की थांबायला जास्त अंतर लागतं. आणि मागे कुणी रोज बसणार असेल तर मागच्या टायरची हवा वाढवा. ॲक्टिव्हाला एकट्याने २९ आणि डबलसीट ३६ पीएसआय लागते, पुढे दोन्ही वेळा २२. पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना सरसकट एकच आकडा मारतो, त्याला आधी सांगा.