जुन्या फोटोवरून वीरचक्राची खात्री कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की आजोबा पायदळात मेजर होते, १९७१ ची लढाई लढले. पदकं आता घरात नाहीत, गणवेशातला एक कृष्णधवल फोटो तेवढा उरलाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावी कमानीवर ‘वीरचक्र’ कोरायचं ठरलंय, त्याआधी खात्री हवी. दगडावर कोरण्याआधी विचारलंत, बेस केलं.

फोटोत खिशाच्या वर रिबनच्या पट्ट्या दिसतील. त्या आजोबांच्या डाव्या छातीवर असायला हव्यात. त्यांच्या उजव्या छातीवर दिसत असतील तर निगेटिव्ह उलटी छापली गेलीय. आधी फोटो सरळ करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकेल.

आता वरच्या रांगेतली बटणांकडची पहिली पट्टी भिंगातून बघा. सर्वात मानाचं पदक तिथेच लागतं. वीरचक्राची रिबन अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. केशरी भाग खांद्याकडे. म्हणजे फोटोत मधोमध दुभागलेल्या दोन छटा दिसतात. महावीरचक्राचीही अशीच दुभागलेली, पण निळ्याच्या जागी पांढरा. गडद पट्टीच्या बरोबर मध्ये एकच पांढरी रेघ असेल तर ते बहुधा सेना मेडल. त्यातही पेच आहे: त्या काळात ते शौर्यासाठीही मिळे आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही, रिबन तीच. रिबनवर कमळाच्या पानाचं बारीक चिन्ह असेल तर ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’, म्हणजे युद्धाच्या अहवालात नावाचा उल्लेख. तोही रणांगणावरचा मान, पण चक्र नव्हे.

बहुतेक घरांत घोटाळा होतो तो ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ या पदकांमुळे. पदक ताऱ्याच्या आकाराचं, वीरचक्रावरही पंचकोनी तारा उठवलेला, म्हणून पुढची पिढी ‘चक्र’ म्हणायला लागते. पण वीरचक्र चांदीचं असतं, आणि हे स्टार १९७१ च्या त्या त्या आघाडीवर असलेल्यांना सरसकट मिळाले.

फोटोवरून अंदाज येतो, पुरावा मिळतो तो भारताच्या राजपत्रात. भाग १, विभाग १ मध्ये राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना असते. त्यात क्रमांक, हुद्दा, नाव, रेजिमेंट आणि वीरचक्र असेल तर पराक्रमाचा मजकूर छापलेला असतो. नावाने शोधू नका, आपल्याकडच्या आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी होतं. आजोबांचा ‘आयसी’ने सुरू होणारा लष्करी क्रमांक शोधा. तो पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर असतो.

आजी हयात असतील तर त्यांचं पेन्शनचं पासबुकही बघा. वीरचक्राला दरमहा वेगळा भत्ता मिळतो, २०१७ च्या वाढीनंतर ७,००० रुपये, आणि तो विधवेलाही चालू राहतो. तो दिसला नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. कित्येकांनी कधी मागितलेलाच नसतो.

लेखी दाखल्यासाठी लोक थेट कामठीला, सागरला नाहीतर बेळगावला जातात आणि हात हलवत परत येतात. तिथल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात जवान आणि जेसीओंची (सुभेदार वगैरे हुद्द्यांची) कागदपत्रं असतात. अधिकाऱ्यांची दिल्लीत, सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेकडे. अर्ज यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. सोबत पीपीओची प्रत, मृत्यूचा दाखला आणि तुमच्या नात्याचा पुरावा जोडा.

उत्तर यायला वेळ लागेल. तोवर कमानीवर हुद्दा, नाव, रेजिमेंट आणि ‘१९७१ चे युद्ध’ एवढंच कोरून घ्या, आणि कारागिराला खाली एका ओळीची जागा सोडायला सांगा.